कोल्हापुरात बाहेर जेवताना गहू ताटात कुठून येतो आणि तो कसा अडवायचा

सिलिॲक (गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन आतड्याला बाधतं, तो आजार) असलेल्या माणसाला कोल्हापूर सोयीचं, असं वरवर बघता वाटतं. ज्वारीची भाकरी, सुकं मटण, तांबडा-पांढरा, भात, खर्डा, दही. या ताटात गहू दिसतो कुठं? आणि हे बरंचसं खरंही आहे. जिथं भाकरी रोजच्या जेवणात आहे, तिथं ग्लुटेन टाळून पोटभर जेवता येतं. पण माझ्या लेकीला हा आजार निघाल्यापासून बाहेरच्या जेवणानं तिला जेव्हा जेव्हा त्रास झाला, तेव्हा बहुतेक वेळा ताटात चपाती, पाव, पुरी काहीच नव्हतं. गहू आला होता तो परातीतनं, कढईतल्या तेलातनं, ओट्यावरच्या फडक्यातनं, नाहीतर थेट गिरणीतनं. म्हणून आता हॉटेलात पदार्थात काय आहे हे मी कमी विचारते. तो कुठं होतो, कशात होतो, कुणाच्या हातानं होतो हे जास्त विचारते.

किती म्हणजे जास्त

गहू, सातू (म्हणजे जव, बार्ली) आणि राय या धान्यांतल्या प्रथिनांना ग्लुटेन म्हणतात. सिलिॲकमध्ये या प्रथिनांमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, आतड्याच्या आतली बारीक लव झडते आणि लोह, कॅल्शियम अंगी लागेनासं होतं. यावर औषध नाही. आयुष्यभराचं पथ्य हाच उपचार.

आपल्या एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमानुसार 'ग्लुटेन-फ्री' लिहिलेल्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. दिवसभरात एकूण १० मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर बहुतेक रुग्णांच्या आतड्याला इजा होत नाही, असं मानलं जातं. रोज ५० मिलिग्रॅम पोटात गेलं तर काही महिन्यांत आतडं बिघडू शकतं. आता हे स्वयंपाकघराच्या मापात बघा. एका मध्यम चपातीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते आणि तिच्यात अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. त्या चपातीचे अडीचशे तुकडे केले तर एका तुकड्यात १० मिलिग्रॅम येतं. भाकरीच्या पाठीला चिकटलेली कणकेची भुकटी एवढी सहज भरते.

शिवाय उकळून, तळून, भाजून ग्लुटेन जात नाही. सॅनिटायझरनंही जात नाही. भांडं आणि हात साबणानं, वाहत्या पाण्याखाली धुवावे लागतात.

आपल्या भागात खपली गव्हाबद्दल फार गैरसमज आहे. 'खपली चालतो की, तो जुना गहू' असं चांगले शिकलेले लोकही सांगतात. चालत नाही. खपली हा गहूच आहे. खपलीची खीर, हुग्गी, लापशी, शेवया, सगळं वर्ज्य. ओट्सवर बहुतेक वेळा गव्हाची भेसळ असते, त्यामुळे तेही बाहेर नको. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरी, राजगिरा, शिंगाडा आणि साबुदाणा मूळचे निर्धोक.

तुमचं निदान अजून व्हायचं असेल तर एक पाळा: तपासणीआधी गहू सोडू नका. रक्तातली टीटीजी-आयजीए चाचणी (सिलिॲकमध्ये वाढणाऱ्या प्रतिपिंडांची) आणि दुर्बिणीनं घेतलेला आतड्याचा तुकडा, दोन्हीचे निकाल गहू चालू असतानाच खरे येतात.

भाकरी, आधी तीच

बाहेर सगळ्यात जास्त भरवसा आपण भाकरीवर ठेवतो, म्हणून सगळ्यात जास्त चौकशी तिचीच करायची.

पहिला प्रश्न पिठाचा. पीठ गिरणीतून आलं असेल तर ती ज्वारी कशावर दळली? जात्याच्या दगडांत, पेटीत आणि तोंडाला बांधलेल्या कापडात आधीच्या दळणाचं पीठ बसलेलं असतं. गव्हावर ज्वारी टाकली की पहिलं पीठ गव्हासकटच पडतं. घरच्या दळणासाठी यावर आपल्याकडे चांगला उपाय आहे. एकादशी, नवरात्राच्या आधी बऱ्याच गिरण्यांत उपवासाचं दळण वेगळं काढतात किंवा त्यासाठी वेगळं जातं असतं. गिरणीवाल्याला 'उपवासाच्या दळणासारखंच सांभाळा' म्हटलं की त्याला लगेच कळतं. घरघंटी असेल तर प्रश्नच मिटला, फक्त तिच्यात गहू कधीच घालू नका.

खानावळीत हे आपल्या हातात नसतं. तिथं विचारायचं, 'ज्वारीचं पीठ कुठनं आणता? चपातीचं पीठ त्याच गिरणीतलं का?' उत्तर आलं, 'व्हय, सगळं एकाच गिरणीतनं येतंय की', तर तिथली भाकरी सोडायची आणि भात घ्यायचा.

दुसरा प्रश्न मळण्याचा. ज्वारीत चिवटपणा नसतो, म्हणून भाकरी कडेला फाटते. ती फाटू नये, पटापट लाटता यावी म्हणून काही ठिकाणी ज्वारीत मूठभर कणीक मिसळतात. भाकरी अगदी पातळ, मऊ, चपातीसारखी दुमडता येणारी असेल तर जरूर विचारा. गरम पाण्यात उकड काढून मळली तरी भाकरी मऊ होते, त्यामुळे मऊ दिसली की लगेच गहू असं नाही. पण विचारायला काही जात नाही: 'मावशी, निव्वळ ज्वारीची हाय का? थापता का लाटता?'

तिसरी गोष्ट डोळ्यांनी बघायची. पन्हाळ्यावर एका ठिकाणी एक मावशी चुलीपुढं बसून भाकऱ्या थापत होत्या. परातीत ज्वारीचं पीठ, बाजूला पाण्याचा तांब्या, हात सुरेख चाललेला. तेवढ्यात कुणीतरी चपात्या मागितल्या. मावशींनी परातीच्या कडेलाच कणकेचा गोळा ठेवला, दोन चपात्या लाटल्या, हाताची कणीक ज्वारीच्या पिठावर झटकली आणि पुढची भाकरी थापायला घेतली. सगळं दोन मिनिटांत. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी खरंच सांगितलं असतं की भाकरी ज्वारीची आहे. खोटं कुणीच बोललं नसतं, आणि तरीही ती भाकरी चालली नसती. म्हणून जिथं भाकरी करणारी बाई दिसते, अशा जागा मी पसंत करते. परात वेगळी आहे का, तवा वेगळा आहे का, तव्यावरचं पीठ झाडायला कुंचा कोणता वापरतात, हे पाच मिनिटं उभं राहून कळतं.

आणि सगळ्यात सोपी वाट म्हणजे घरची भाकरी धडप्यात बांधून न्यायची. मटण, रस्सा, भात तिथला, भाकरी आपली. आधी फोनवर सांगितलं तर खानावळवाले सहसा हरकत घेत नाहीत.

जागा आणि वेळ

जिथं पदार्थ कमी, तिथं धोका कमी. मटण, रस्सा, भात आणि भाकरी एवढंच करणारी घरगुती खानावळ ही चार प्रांतांचे पदार्थ देणाऱ्या मोठ्या हॉटेलपेक्षा बरी. मोठ्या हॉटेलात तंदूरच्या आत रोटीचा मैदा उडत असतो आणि त्याच तंदुरीत चिकन, पनीर भाजलं जातं. चायनीजच्या कढईत नूडल्स होतात. सोया सॉसमध्येही सहसा गहू असतो, त्यामुळे 'नुसता फ्राइड राइस' चालत नाही. पदार्थांतल्या ॲलर्जीच्या घटकांची माहिती ग्राहकाला द्यायचा जो नियम आहे, तो मुख्यतः दहा किंवा जास्त शाखा असलेल्या मोठ्या साखळ्यांना लागू होतो. गल्लीतल्या खानावळीत कागदावर काही लिहिलेलं मिळणार नाही; तिथं माणसाशीच बोलायचं.

बोलायची वेळ दुपारी तीन ते पाच. तेव्हा भट्टी थंड असते, मालक गल्ल्यावर निवांत असतो, आचारीही सापडतो. रविवारी दुपारी दीड वाजता, बाहेर लोक ताटकळत उभे असताना तुमचं पथ्य ऐकायला कुणाला सवड नसते. जेवायलाही लवकर जा: दुपारी साडेअकरा-बारा, संध्याकाळी सात. ओटा तेव्हा नुकताच पुसलेला असतो, तेल ताजं असतं, आणि वाढणाऱ्याच्या हातात एका वेळी एकच ताट असतं.

काय म्हणायचं

'ग्लुटेन' म्हणू नका. आचाऱ्याला धान्यांची नावं सांगा आणि कारण सांगा. मी साधारण असं बोलते: 'मालक, पोरीला आतड्याचा आजार आहे. डॉक्टरांनी गहू, मैदा, रवा, कणीक, सातू पूर्ण बंद केलंय. चिमूटभर गेलं तरी आजारी पडते. तुमच्याकडं तिला काय देता येईल?' शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. निवड त्यांच्यावर सोपवली की माणूस मनापासून विचार करायला लागतो आणि आपल्याला न सुचलेली गोष्टही सांगतो.

'यात मैदा आहे का' असं विचारलं की नव्वद टक्के वेळा 'न्हाई, न्हाई, तसं काय नसतंय' असंच उत्तर येतं. त्याऐवजी उत्तरात काहीतरी सांगावंच लागेल असे प्रश्न विचारा. पांढरा रस्सा कशानं दाट करता? मासे कशात घोळवता? या कढईत आणखी काय तळता? हिंग कोणता? ऑर्डर घेणाऱ्या पोराला माहीत नसेल तर तो चटकन 'चालतंय की' म्हणतो. त्याच्यावर रागावू नका, आचाऱ्याला किंवा मालकाला बोलवा. उत्तर देताना आचारी चाचरला, दोघांची उत्तरं वेगळी आली, किंवा 'एवढंसं काय होतंय' असं ऐकू आलं, तर उठायचं. दही-भात घरी मिळतो.

ताटातला एकेक पदार्थ

तांबडा रस्सा आणि सुकं मटण: वाटणात कांदा, खोबरं, तीळ, खसखस, कांदा-लसूण मसाला. मूळ पदार्थ निर्धोक. विचारायचं ते रस्स्याच्या डावाबद्दल, आणि मटण शिजवताना त्यात आणखी काही घातलंय का याबद्दल.

पांढरा रस्सा: नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस यांनी तो दाट होतो. पण महागाईत आणि गर्दीत कुणी मैदा किंवा कॉर्नफ्लोअर लावू शकतं. कॉर्नफ्लोअर मक्याचं, ते चालतं, मैदा नाही. म्हणून 'पीठ लावता का' एवढ्यावर थांबू नका, कुठलं पीठ तेही विचारा.

बिर्याणी: हंडीचं तोंड कणकेनं बंद करतात. झाकण उघडताना ती वाळलेली कणीक भातात पडते. वर पसरलेल्या तळलेल्या कांद्यालाही कधी कधी मैदा लावलेला असतो. दम कणकेचा असेल तर बिर्याणी सोडा.

मासे: रव्यात घोळवलेले नको. तांदळाच्या पिठात घोळवून देतात का विचारा, पण तवा धुऊन. नाहीतर आधीच्या सुरमईचा रवा तव्यावर चिकटलेला असतोच.

मिसळ: मला स्वतःला फार आवडते, आणि लेकीसाठी बाहेर मी ती पूर्ण बंद केली. पाव बाजूला ठेवला की मिसळ चालेल असं वाटतं. गाड्यावर जरा उभं राहून बघा. ज्या हातानं ब्रेडच्या स्लाइस काढल्या, त्याच हातानं फरसाणाची मूठ भरली जाते. फरसाणातच मैद्याच्या पापड्या असतात. तोच डाव कटात बुडतो आणि ब्रेडचे तुकडे पडलेल्या बशीवर परत 'कट वाढा' म्हणून रिकामा होतो. घरी निव्वळ बेसनाची शेव घालून केलेली मिसळ उत्तम होते.

भेळ: खासबाग असो की रंकाळा, भेळेत मैद्याच्या पुऱ्या चुरलेल्या असतात आणि कालवायचं पातेलं एकच. पुरी नको म्हटलं तरी आधीच्या भेळेचा चुरा तळाशी असतो. नुसतं भडंग घ्यायचं तर पाकिटावरचे घटक वाचून.

वडे, भजी: पीठ बेसनाचं, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण त्याच तेलात समोसे, कचोऱ्या, ब्रेड पकोडे तळलेले असतात, आणि त्यांचा चुरा तेलात राहतो. तापलेल्या तेलात ग्लुटेन नाहीसं होत नाही. कढई निव्वळ वड्यांचीच असेल आणि पिठात मैदा, रवा काही नसेल, तरच.

डोसा-इडली: वाफवलेली तांदूळ-उडदाची इडली त्यातल्या त्यात बरी. लोणी डोशाच्या पिठात कुठं कुठं थोडा मैदा किंवा रवा घालतात, आणि तव्यावर रवा डोसाही होतो. तव्यावर मारायचा पाण्याचा फडका किंवा झाडू एकच असतो.

हिंग: डबीतला बहुतेक हिंग शुद्ध नसतो, त्यात मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक मिसळलेला असतो. एका भाजीतला चिमूटभर हिंग चार ताटांत वाटला गेला की प्रत्येकाच्या वाट्याला मैदा अगदी थोडा येतो, तळणीच्या तेलापेक्षा कितीतरी कमी. पण वरण, भाजी, कोशिंबीर, ताक, पापड अशा प्रत्येक गोष्टीत हिंग असला की बेरीज होते. म्हणून आधी बाकीचे मोठे धोके अडवा, मग हिंगाकडं वळा. घरी मात्र तांदळाच्या पिठाचा किंवा खडा हिंगच ठेवा.

गोड: गुलाबजाम, जिलेबी, बालुशाही सरळ बाद. नरसोबावाडीची बासुंदी दुधाची, पण वाढायचा चमचा कुठं कुठं बुडतो ते बघा. आइस्क्रीम कपात घ्या, कोनात नको. बिस्किटं किंवा माल्ट असलेला प्रकार टाळा. माल्ट म्हणजे सहसा सातूच.

काहीच जमलं नाही तर: शहाळं, केळी, सालासकट उकडलेली अंडी, शेंगदाणे, गूळ, बंद पिशवीतलं दूध किंवा ताक, पावसाळ्यात पन्हाळ्याच्या वाटेवर भाजलेलं कणीस. गंगावेशीतलं दूध प्यायला गेलात तर ते साधं घ्या, वरून काही घातलेलं नको.

लग्नाची पंगत, जत्रा, पाहुणचार

हॉटेलात नाही म्हणणं सोपं असतं, पाहुण्यांच्या घरी अवघड. जत्रेच्या जेवणाला बोलावलं आणि पोरीनं ताट नाकारलं तर वैनींना वाईट वाटतं, हे मला पूर्ण कळतं. म्हणून दोन दिवस आधी घरच्या बाईशीच बोलावं: 'वैनी, तिच्यापुरतं मटण आणि भात पहिल्यांदा, चपात्या लाटायच्या आधी काढून ठेवाल का? झाकून वेगळ्या डब्यात.' आधी काढून ठेवणं हा पंगतीतला सगळ्यात खात्रीचा उपाय. पंगत सुरू झाली की पुरीचे तुकडे, जिलेबीचा पाक, भाजीचे चमचे सगळे एकमेकांत जातात.

केटररशी बोलायचं तर मांडवात नाही, आदल्या दिवशी. मसालेभात आणि वरण वेगळं काढून ठेवायला सांगा. पूजेच्या प्रसादाला रव्याचा शिरा असतो. हातावर घेऊन नमस्कार करावा आणि घरच्या दुसऱ्या कुणाला द्यावा. लहान मुलांना हे आधी शिकवून ठेवा, कारण प्रसादाला नाही म्हणायचं नाही हेही आपणच शिकवलेलं असतं. मुलाचे हात त्यानंतर साबण-पाण्यानं धुवायचे.

चुकून गेलंच तर

त्रास काहींना तासा-दोन तासांत सुरू होतो, काहींना दुसऱ्या दिवशी. पोट फुगणं, दुखणं, जुलाब, उलट्या, डोकं जड, अंगात त्राण नाही, चिडचिड, तोंड येणं. काहींना काहीच जाणवत नाही, पण आत आतड्याचं नुकसान होत असू शकतं. गेलेलं ग्लुटेन बाहेर काढणारं औषध नाही. ते 'पचवणाऱ्या' गोळ्यांवर भरवसा ठेवू नका. मुद्दाम उलटी काढू नका.

पाणी, ओआरएस, भाताची पेज, मऊ भात, थोडं मीठ. दूध काही दिवस बाधू शकतं, कारण सुजलेल्या आतड्याला दुधातली साखर पचवायला त्रास होतो. तोवर ते बाजूला ठेवा. विश्रांती द्या. लोह-कॅल्शियमच्या चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. आणि 'आता गेलंच आहे तर आज खाऊन घे' असं पोरांना कधीही म्हणू नका. त्या क्षणापासून पथ्य पुन्हा पूर्ण.

पाणीही पोटात राहत नसेल, शौचात रक्त असेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, मूल सुस्त पडलं असेल तर थेट दवाखान्यात. ओठ-डोळे सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला तर ती गव्हाची ॲलर्जी असू शकते. तो वेगळा आणि तातडीचा आजार आहे. लगेच १०८ ला फोन करा.

एखाद्या वेळच्या चुकीनं टीटीजीचा आकडा वाढेलच असं नाही. पण वर्षभर पथ्य पाळूनही तो खाली येत नसेल तर बहुतेक वेळा कुठून तरी रोज थोडं थोडं जात असतं. अशा वेळी हॉटेलाच्या आधी घरचं दळण, हिंग आणि पोळपाट तपासा.

त्रास झाला तर दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मालकाला फोन करा, भांडायला नाही. काय खाल्लं, किती वाजता, काय झालं हे सांगा आणि त्या दिवशी तेल, परात, आचारी यांत काही बदल होता का ते विचारा. बऱ्याचदा उत्तर तिथंच मिळतं: भाकरीवाल्या मावशी सुट्टीवर होत्या, पीठ दुसरीकडून आणलं होतं. वहीत जागेचं नाव, आचारी, पीठ कुठलं, तळणीची कढई वेगळी का एकच, आणि विचारलेल्या दिवसाची तारीख लिहून ठेवा. खानावळीतली माणसं सारखी बदलतात, म्हणून तीन-चार महिन्यांनी त्याच जागी जाताना सगळे प्रश्न पहिल्यापासून विचारायचे.